काळी नदीच्या मुखाशी एक हंगाम: एकवीस फुटी होडीच्या नांगराची नवी जोडणी

आम्ही तिघे बेळगावकर मिळून कारवारला एक जुनी एकवीस फुटी फायबरची शिडाची होडी बाळगून आहोत. पावसाळ्याचे चार महिने ती कोडीबागेत एका आवारात ताडपत्रीखाली असते आणि उरलेल्या हंगामात महिन्यातून दोनदा आम्ही शनिवारी पहाटे खानापूर, रामनगर, जोयडा, अनशी घाट असे उतरून तिच्याकडे जातो. गेल्या हिवाळ्यात या होडीची नांगरापासून नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, खुंटीपर्यंतची सगळी जोडणी आम्ही बदलली. हे परीक्षण त्या जोडणीचे आहे. नांगर, साखळी, दोर, शॅकल (पिनने बंद होणारी जोडकडी), खुंटी आणि त्या खुंटीखालची पट्टी या साऱ्यांचे मिळून ते लिहीत आहे, कारण हंगामभर वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की यांपैकी एकट्या नांगराचे परीक्षण करण्यात फारसा अर्थ नाही.

आधीची जोडणी कशी होती ते सांगायला हवे. होडी विकत घेतली तेव्हा तिच्यासोबत पाच किलोंचा, चार नख्यांचा, सळई वाकवून केलेला नांगर आणि वीस मीटर निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर आला होता. साखळी नव्हतीच. किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान होड्यांवर असाच नांगर असतो आणि तो मूर्खपणाने ठेवलेला नसतो. मच्छीमाराला खडकाळ जागी तासा-दोन तासांसाठी थांबायचे असते, तिथे नख्या कपारीत अडकतात, आणि सुटल्याच नाहीत तर जोराने ओढल्यावर सळई सरळ होऊन नांगर हाती येतो. पण काळी नदीच्या मुखाशी तळ वाळूचा आणि चिखलाचा आहे. तिथे चार बारीक नख्या म्हणजे दह्यात रोवलेला काटा. शिवाय आम्हाला रात्र काढायची असते, आणि पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या असल्यामुळे नदीच्या मुखात दर सहा तासांनी प्रवाह उलटतो. होडी पूर्ण फिरते, दोर तळावर सैल पडतो आणि वर राहिलेल्या मोकळ्या नखीभोवती वेटोळे घेतो. मग प्रवाहाचा जोर आला की नांगर उलटा, आपल्याच दोराने ओढला जातो. मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रात्री नेमके हेच झाले. पहाटे साडेतीनला होडी तिरकी झाली म्हणून जाग आली, तेव्हा आम्ही सदाशिवगडाच्या बाजूच्या वाळूच्या पट्ट्यावर टेकलो होतो आणि ओहोटी अजून दोन तास बाकी होती. सकाळी भरतीबरोबर एका मच्छीमाराने आम्हाला ओढून काढले. दोराच्या टोकाला नांगर शेपटीला बांधलेल्या डब्यासारखा लटकत आला. त्या मच्छीमाराने, तो होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या होता, नांगराकडे पाहिलेच नाही. दोर हातात घेऊन, वाव मोजावे तसे दोन्ही हात पसरून त्याने तो मोजला आणि एवढ्याच दोरावर रात्रभर राहिलात का, असे विचारले.

त्याच्या प्रश्नातच सगळा हिशेब होता. नांगर तळात रुतायचा तर त्याच्या दांड्यावरची ओढ आडवी हवी. ती जितकी वरच्या दिशेने लागेल तितका नांगर उपटला जातो. त्यासाठी दोर आणि साखळी मिळून किती सोडायची, याचे गुणोत्तर पाण्याच्या खोलीवर ठरते. निवांत दुपारी तीन पट चालते, नेहमी पाच पट हवी आणि रात्रीसाठी किंवा वारा असताना सात पट. ही खोली मोजताना लोक चुकतात आणि आम्हीही चुकलो होतो. पाण्याची खोली अडीच मीटर होती म्हणून वीस मीटर दोर आठ पट झाला, असे आम्ही समजत होतो. त्या अडीच मीटरांत भरतीचे जवळजवळ दोन मीटर आणि नाळेची पाण्यावरची पाऊण मीटर उंची मिळवली की सव्वापाच मीटर होतात, आणि मग वीस मीटर दोर चार पटही भरत नाही. सात पटीसाठी आम्हाला सदतीस मीटर लागणार होते. म्हणजे तेव्हा बाजारातला सर्वोत्तम नांगर जरी आमच्याकडे असता तरी आम्ही त्याच वाळूवर जाऊन टेकलो असतो, अशी मला जवळजवळ खात्री आहे.

आता नांगराकडे येतो. मराठीत शेतातल्या आणि समुद्रातल्या या दोन्ही वस्तूंना आपण एकच शब्द वापरतो, आणि बेळगावात त्याचा एकच अर्थ होतो. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी पट्टी करायला गेलो होतो, तिथल्या मिस्त्रींनी ‘नांगरासाठी पट्टी’ ऐकल्यावर पहिल्यांदा बैलाचा की ट्रॅक्टरचा, असेच विचारले. त्यांची चूक मुळीच नाही, कारण नांगराच्या इतिहासातली एक मोठी सुधारणा खरोखरच शेताच्या फाळासारखी आहे. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये समुद्रविमानांसाठी सीक्यूआर हा नांगर तयार केला. त्याचा फाळ नांगरटीच्या फाळासारखा दुहेरी उताराचा आहे. त्यानंतर अमेरिकेत डॅनफोर्थचा दोन चपट्या, बिजागरीवर हलणाऱ्या पात्यांचा हलका नांगर आला, जो दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या होड्यांवर किनाऱ्यावरून मागे ओढून घेण्यासाठी वापरला गेला. १९७० च्या दशकात ब्रूसचा पंजासारखा नांगर आला. आज शिडाच्या होडीवाले ज्याला नव्या घडणीचा नांगर म्हणतात त्याचा फाळ आतून खोलगट, टोक धारदार आणि मागे एक कमान असते. कमानीची कल्पना ब्यूगल या जर्मन नांगराची. रॉक्ना, मॅन्सन सुप्रीम, मँटस हे सगळे त्याच कुळातले. कमानीचे काम एवढेच की नांगर तळावर कसाही पडला तरी तो उताणा राहू शकत नाही, कलंडतो आणि टोकावर येतो.

आम्ही याच कुळातला, सहा किलोंच्या आसपासचा, बोल्टने जोडायचा नांगर घेतला. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे मी ज्या गुणदोषांबद्दल लिहिले आहे ते बहुतेक या घडणीचेच आहेत आणि मी दुसऱ्या कंपनीचा नांगर वापरून तुलना केलेली नाही. बोल्टने जोडायचाच घेण्याचे कारण मात्र अगदी घरगुती आहे. भाचा दुबईहून येणार होता आणि सुटा केलेला नांगर त्याच्या बॅगेत बसला. विमानतळावर स्कॅनरवर ती पाती आणि कमान पाहून बॅग उघडायला लावली. त्याने तिथूनच फोन केला, “मामा, हे काय म्हणून सांगू यांना?”

पहिली चाचणी आम्ही कोरड्यावर केली. डिसेंबरातल्या एका मोठ्या ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर दोन्ही नांगर शेजारी ठेवले आणि एकेकाला दोर बांधून तिघांनी हळूहळू ओढले. जुन्या नांगराच्या खाली टेकलेल्या नख्यांनी वाळूत समांतर रेघा काढल्या, शाळेच्या पाटीवर ओढाव्यात तशा, आणि तो आमच्या मागे मागे चालत आला. नवा नांगर कुशीवर पडला होता. ओढ लागताच त्याचे टोक वाळूत शिरले, कमान वर आली, मग अख्खा फाळ हळूहळू दिसेनासा झाला आणि हातभर अंतरात तो जो थांबला तो तिघांच्या जोराला हललाच नाही. काढताना दोर सोडून, दांडा उभा धरून मागे झुलवावा लागला. किनाऱ्यावरची वाळू आणि पाण्याखालचा चिखलमिश्रित तळ एक नव्हे, हे मला मान्य आहे, पण टोक आत शिरते कसे हे डोळ्यांनी पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही.

पाण्यातली चाचणी अधिक कंटाळवाणी आणि अधिक उपयोगी ठरली. नांगर सोडायचा, होडी वाऱ्याबरोबर मागे जाऊ द्यायची, दोर हळूहळू सोडायचा, पाच पट झाला की खुंटीला एक वेढा घालून नांगराला टोचू द्यायचे, मग सात पट सोडून आउटबोर्ड इंजिन उलट्या गिअरमध्ये आधी मंद आणि नंतर पूर्ण चालवायचे. त्या वेळी पुलाचा एक खांब आणि त्यामागचे एक माडाचे झाड अशा दोन खुणा एका रेषेत धरायच्या. त्या एकमेकींपासून सरकल्या तर होडी सरकते आहे. पण डोळ्यांपेक्षा हात लवकर सांगतो. नाळेवर बसून ताणलेल्या दोरावर तळहात ठेवला की घसरणाऱ्या नांगराची थरथर, खडीवरून फरफटणाऱ्या चाकासारखी, अगदी स्पष्ट कळते. रुतलेल्या नांगराचा दोर मात्र मुका असतो, फक्त ताणतो आणि सैल होतो. नवा नांगर कोडीबागेच्या बाजूला सातपैकी सहा वेळा पहिल्याच प्रयत्नात मुका झाला. सातव्या वेळी फाळात एक फाटके जाळे भरून आले होते.

या चाचणीची मर्यादाही नोंदवतो. आमचे इंजिन चार हॉर्सपॉवरचे आहे आणि त्याची ओढ फार तर चाळीस-पन्नास किलो असेल. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्यामुळे इंजिनाने न हललेला नांगर वादळातही हलणार नाही, असा निष्कर्ष काढू नये. मी तो काढलेला नाही.

साखळीबाबत आमची फसगत झाली आणि ती आमच्याच घाईमुळे. बेळगावातल्या एका हार्डवेअर दुकानातून आम्ही चकचकीत, आरशासारखी साखळी आणली होती. ती इलेक्ट्रोप्लेट केलेली होती. या पद्धतीत जस्ताचा थर साधारण पाच ते पंधरा मायक्रॉनचा असतो. सुमारे साडेचारशे अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या मालावर तो पन्नास मायक्रॉनांपासून पुढे असतो. चकचकीत साखळीवर दीड महिन्यातच तांबूस डाग आले आणि डेकवर तिची गंजकी रांगोळी उठली. नंतर गोव्यातल्या जहाजसामानाच्या दुकानातून बुडवून गॅल्व्हनाइझ केलेली, आखूड कडीची सहा मिलिमीटरची आठ मीटर साखळी आणली. ती दिसायला राखाडी, खडबडीत आणि कुरूप आहे. हंगामाच्या शेवटी तिच्यावर गंजाचा एकही डाग नव्हता. घेताना नखाने खरवडून पाहावे आणि चमक दिसली तर सरळ परत ठेवावी. सहा मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे आठशे ग्रॅम असते, म्हणजे आठ मीटरची साडेसहा किलो झाली. आठ मिलिमीटरची घेतली असती तर अकरा किलोंच्या वर गेली असती आणि एवढ्या लहान होडीची नाळ पाण्यात झुकली असती. साखळीचे काम दोराची ओढ खाली धरणे आणि तळावरच्या शिंपल्या-दगडांवर दोर घासू न देणे एवढेच आहे, आणि आठ मीटर त्याला पुरले.

दोर हा या सगळ्या खरेदीतला माझ्या मते सर्वांत फायद्याचा भाग. बारा मिलिमीटरचा, तीन पिळांचा, पांढरा नायलॉन, चाळीस मीटर. निळा पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतो, प्रवाह थांबल्यावर सुकाणूभोवती आणि इंजिनाच्या पंख्याभोवती गुंडाळतो आणि उन्हाने कुसळे धरतो. आमच्या जुन्या दोरावरून हात फिरवला की तळहाताला काचा टोचल्यासारखे होई. नायलॉन बुडतो आणि मुख्य म्हणजे ताणतो. लाटेने नाळ वर उचलली की धक्का नांगरापर्यंत जाण्याआधी दोरातच जिरतो. हा फरक झोपेत कळतो. पूर्वी दर लाटेला होडीला बसणारा हिसका या हंगामात बसला नाही. ओला झाल्यावर नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते हे खरे आहे, पण या जाडीच्या दोराची तुटण्याची मर्यादा तीन टनांच्या घरात असल्याने आमच्या होडीला ती घट जाणवण्यासारखी नाही.

दोर आणि साखळी जोडण्यासाठी गाठ मारू नये, कारण गाठीत दोराची निम्म्याच्या आसपास ताकद जाऊ शकते. पीळ उलगडून पन्हाळीदार लोखंडी थिंबलभोवती, म्हणजे दोराच्या फासात बसणाऱ्या कडीभोवती, विणलेला सांधा हवा. तो मी आठवडाभर व्हिडिओ पाहून शिकलो आणि अभिमानाने कारवारला नेला. आम्हाला ओढून काढणाऱ्या त्याच तांडेलाने तो पाहिला, काही न बोलता उलगडला आणि बाभळीच्या लाकडी सुळ्याने वीस मिनिटांत नवा विणला. त्याचे पाच वेढे माझ्या तीन वेढ्यांपेक्षा घट्ट आणि निमुळते आहेत. त्याने पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला आम्ही कुंद्याचा डबा नेला. दोरावर दर पाच मीटरवर खूण हवी म्हणून वडगावच्या माग चालवणाऱ्या शेजाऱ्यांकडून रंगीत धागे आणून पिळांत ओवले, पाचला पिवळा, दहाला लाल, पंधराला हिरवा असे. रात्री विजेरीच्या उजेडात लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत हे नंतर कळले. आता दहाच्या खुणेला दोन धागे आहेत.

शॅकलबद्दल थोडक्यात. नांगर आणि साखळीच्या मध्ये बुडवून गॅल्व्हनाइझ केलेले, वजन-मर्यादा कोरलेले शॅकल घ्यावे. स्टीलची चमकदार शॅकल घेऊ नयेत, कारण खाऱ्या पाण्यात गॅल्व्हनाइझ लोखंडाला स्टेनलेस स्टील लागून राहिले की जस्त आधी झिजते. पिन घट्ट करून तिच्या भोकातून तार ओवून बांधावी. फिरती कडी, म्हणजे स्विव्हेल, आम्ही घातली नाही. होडी दिवसातून चार वेळा फिरली तरी साखळीला पीळ पडल्याचे दिसले नाही, आणि आणखी एक जोड म्हणजे तुटायला आणखी एक जागा.

सगळ्यांत मोठा धक्का नाळेवरच्या खुंटीने दिला. आतल्या कप्प्यात डोके घालून विजेरी मारली तेव्हा दिसले की ज्या खुंटीवर आम्ही इतकी वर्षे विसंबलो होतो ती खालून रुपयाच्या नाण्याएवढ्या चार वॉशरांवर उभी होती आणि त्यांच्याभोवती फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. नवा नांगर रुतून बसला असता तर पुढचा भार या चार वॉशरांवर आला असता. उद्यमबागेत यासाठी सहा मिलिमीटर जाडीची, वहीच्या पानाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी करून घेतली. ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करणाऱ्या या वसाहतीत एवढेसे काम कोणी मनावर घेईल का, अशी शंका होती. पण मिस्त्रींनी कडा घासून, कोपरे गोल करून, एकही टोचरी कड न ठेवता पट्टी दिली. पहिली पट्टी मात्र बसली नाही. चार भोकांपैकी एक जरा बाहेर होते आणि मी माप डेकच्या वरून घेतले होते, तर पट्टी खालून बसायची होती, म्हणजे नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा हवा होता. दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी कागदाचे छाप आणायला सांगितले आणि त्यावर स्वतः ‘वर’ आणि ‘खाली’ असे लिहून घेतले. डेकमधली भोके आधी मोठी करून एपॉक्सीने भरली आणि मग पुन्हा पाडली, म्हणजे आतल्या लाकडात पाणी मुरणार नाही. या एका कामासाठी दोन शनिवार गेले. दोर नाळेच्या कडेवर घासतो तिथे बागेच्या जाड पाइपचा हातभर तुकडा चिरून बसवला आहे आणि तो हंगामात एकदा बदलावा लागला.

सगळा खर्च साडेसव्वीस हजारांच्या आसपास झाला. त्यातले जवळजवळ निम्मे पैसे नांगराचे. आज पुन्हा करायचे झाले तर मी आधी दोर आणि पट्टी करीन, जुन्याच नांगरावर एक महिना काढीन आणि मग नांगर घेईन.

नव्या नांगराचे दोष सांगायचे तर पहिला चिखल. फाळ खोलगट असल्यामुळे तो वर येताना घमेलेभर काळा चिखल घेऊन येतो आणि तो वाळायच्या आत घासला नाही तर डेकवर सिमेंटसारखा बसतो. लांब दांड्याचा ब्रश आता होडीवर कायमचा आहे. दुसरा दोष कमानीचा. आमच्या जुन्या नाळेवरच्या रोलरमध्ये ती बसत नाही, त्यामुळे नांगर डेकवर आडवा बांधून ठेवावा लागतो आणि शिडाचा दोर दर वेळी त्यात अडकतो. तिसरा, बोल्ट. महिन्यातून एकदा पाना लावून पाहावे लागतात. एका जागी मात्र हा नांगर मला नको वाटतो, ती म्हणजे कूर्मगड बेटाच्या आसपासचा खडकाळ तळ. तिथे फाळ कपारीत शिरला तर सळईसारखा वाकून सुटणार नाही. तिथे दुपारपुरते थांबायचे असेल तर आम्ही जुना चार नख्यांचाच नांगर टाकतो, त्याच्या मागच्या टोकाला बारीक दोर आणि रिकाम्या कॅनचा तरंगता डबा बांधून, म्हणजे अडकला तर उलट्या दिशेने काढता येतो. दक्षिणेकडे नौदलाचा तळ असल्याने तिकडे नांगर टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

डिसेंबर ते मे या काळात आम्ही नव्या जोडणीवर अकरा रात्री काढल्या. दुपारचा खारा वारा, पहाटेचा मतलई आणि मधल्या दोन प्रवाहांच्या उलटापालटीत नांगर एकदाही सुटला नाही. होडी आखलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा मोबाइलमधला गजर मात्र पहिल्या दोन रात्री सारखा वाजला. दोष गजराचा नव्हता. मी वर्तुळाचा मध्य होडी जिथे थांबली तिथे धरला होता, नांगर जिथे टाकला तिथे नाही, त्यामुळे प्रवाह फिरला की होडी प्रामाणिकपणे वर्तुळाबाहेर जात होती. आता नांगर तळाला टेकतो त्याच क्षणी एकजण बटण दाबतो.

पुढच्या हंगामापूर्वी दोन कामे बाकी आहेत. दुसरा नांगर म्हणून डॅनफोर्थ पद्धतीचा हलका नांगर मागच्या कप्प्यात ठेवायचा आहे, आणि दोराचे शेवटचे टोक, जे सध्या आतल्या कडीला शॅकलने अडकवले आहे, ते काढून बारीक दोरीने बांधायचे आहे, म्हणजे मध्यरात्री एखादा बार्ज अंगावर येत असेल तर पाना शोधत न बसता सुरीने कापून निघता येईल. सुरी त्या कडीशेजारी आताच बांधून ठेवली आहे.